पिट्सबर्गची इनक्लाइन: रोज दोरीला लटकून ऑफिसला जाणाऱ्याचा धागा

उतारावरचा

मंडळी, परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की अमेरिकेत पिट्सबर्गला गेलात तर इनक्लाइनमध्ये (डोंगराच्या उतारावर रुळांवरून दोराने वर-खाली ओढली जाणारी गाडी) बसा, वरून फोटो काढा, भारी टूरिस्ट स्पॉट आहे. चूक काहीच नाही त्यात, पण मला जरा टोचलं. कारण मी त्या टूरिस्ट स्पॉटमधून रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला जातो. तिथे लिहिलं असतं तर धागा भरकटला असता म्हणून वेगळा काढतोय.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पिट्सबर्गमध्ये अ‍ॅलेगेनी आणि मोनॉन्गाहेला अशा दोन नद्या मिळून ओहायो नदी होते, त्या बेचक्यात डाऊनटाऊन आहे, आणि मोनॉन्गाहेलाच्या दक्षिण काठावर एकदम भिंतीसारखा डोंगर उभा आहे, माउंट वॉशिंग्टन. मी त्या डोंगरावर राहतो. खाली उतरायला रस्ते आहेत पण ते वळसे घालत जातात. सरळ उतरते ती फक्त इनक्लाइन. अशा गाडीला बाहेर फ्युनिक्युलर म्हणतात, पण इथे तसं कोणी म्हणत नाही, 'इनक्लाइन'च म्हणतात.

माझी ती मोनॉन्गाहेला इनक्लाइन, 28 मे 1870 ला सुरू झाली. रूळ 635 फूट लांब, चढ 35 अंशांचा, म्हणजे 100 फूट पुढे गेलात की 70 फूट वर. वेग ताशी 6 मैल, जरा दमदार धावणारा माणूस मागे टाकेल. डब्यात तीन कप्पे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक, म्हणजे डोंगर तिरका असला तरी तुम्ही सपाट बाकावर बसता. एका डब्यात 23 माणसं. दीड-दोन मिनिटांत खाली. पहाटे साडेपाचला चालू होते ती मध्यरात्र उलटेपर्यंत. खाली उतरलं की रस्त्यापलीकडे ट्रॅमचं स्टेशन आणि बसेस आहेत, पण मी चालत स्मिथफील्ड स्ट्रीटचा पूल ओलांडतो (तोही 1883 चा आहे, गुस्ताव लिंडेंथाल या इंजिनियरचा, पण त्याच्यावर वेगळा धागा होईल) आणि ऑफिसात. बसचंच कार्ड इथे चालतं आणि 3 तासांच्या आत बस किंवा ट्रॅम बदलली तर परत भाडं नाही.

माझं म्हणणं एवढंच की ही गाडी सुंदर आहे म्हणून टिकली नाही. लोकांना कामावर जायचं होतं म्हणून टिकली. बाकी तुम्ही बोला.

निवांत_नेहमीच

पहिला!
फोटो कुठे आहेत राव. फोटो नसतील तर फाऊल धरतो आम्ही.

उतारावरचा

@निवांत, रोज जाणारा माणूस फोटो काढतो का? तुम्ही लोकलचे काढता का? :)

जुनी_पेटी

छान धागा. थोडी भर घालते. त्या डोंगराचं जुनं नाव कोल हिल. त्याच्या पोटातनं कोळसा काढायचे म्हणून. खाली नदीकाठाने कारखाने वाढत गेले, सपाट जागा सगळी त्यांनीच खाल्ली, मग कामगारांनी राहायचं कुठे तर डोंगरावर. त्यात जर्मन लोक पुष्कळ होते. दिवसभर भट्टीसमोर उभं राहून संध्याकाळी त्या कड्यावरून पायऱ्या आणि पायवाटा चढत घरी. हिवाळ्यात बर्फात. त्यांना आपल्या देशातल्या दोरावर ओढायच्या गाड्या माहीत होत्या, तिथून ही कल्पना इथे आली असं म्हणतात. पहिल्या दिवशी 994 माणसं बसली आणि दुसऱ्या दिवशी 4,174. म्हणजे पहिल्या दिवशी बाकीचे उभे राहून बघत असणार, दोर तुटतोय का ते. नाही तुटला, मग आले सगळे.

आणि एक दोन नव्हे, या शहरात वेगवेगळ्या काळात मिळून सतराएक इनक्लाइन होत्या. माणसांच्या वेगळ्या, मालाच्या वेगळ्या. मोनॉन्गाहेलाच्या शेजारीच 1884 पासून मालवाहू इनक्लाइन होती, तिच्यावर घोडागाड्या घोड्यांसकट चढायच्या. ती 1935 ला बंद झाली. नॉक्सव्हिलची एक होती तिच्या रुळाला चक्क वळण होतं, दोरावरच्या गाडीला वळण म्हणजे काय डोकेदुखी असेल ते इथले इंजिनियर सांगतील. ती 1960 पर्यंत चालली.

गिअरबॉक्स

बोलावलंत का? आलो.

आधी मूळ गोष्ट. विहिरीच्या रहाटाला दोन बादल्या बांधल्या, एक खाली गेली की दुसरी वर येते, तेच हे. दोन डबे एकाच यंत्रणेच्या दोरांना, एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. डब्यांची वजनं एकमेकांना तोलून धरतात त्यामुळे मोटरला उचलायचा असतो फक्त फरक, म्हणजे वरच्या डब्यात 5 माणसं आणि खालच्यात 20 असतील तर 15 माणसांचं वजन अधिक घर्षण. भरलेला डबा खाली आणि रिकामा वर जात असेल तर मोटरला उलट रोखून धरावं लागतं. म्हणून इतक्या जुन्या काळात, वाफेच्या इंजिनावरसुद्धा, हे परवडायचं. मोनॉन्गाहेलाचं वाफेचं इंजिन 1935 मध्ये जाऊन वीज आली.

दुसरं म्हणजे डब्यात ड्रायव्हर नसतो. चालवणारा माणूस वरच्या स्टेशनात बसलेला असतो, यंत्र वर असतं.

वळणाचं म्हणाल तर, सरळ रुळावर दोर मधोमध पुल्यांवरून जातो, त्याला फक्त खाली वाकू न देणं एवढंच काम. वळण आलं की तो ताणाने आतल्या बाजूला सरकायला बघतो, मग पुल्या तिरक्या बसवा, त्या झिजतात, दोर झिजतो. करता येतं पण रोज लक्ष ठेवा. तेव्हाच्या लोकांनी हे केलं याबद्दल दंडवत.

मोरपंखी

मला यातला सगळ्यात आवडता भाग कोणी सांगितलाच नाही. मोनॉन्गाहेला इनक्लाइन बांधली जॉन एंड्रेस यांनी, प्रशियात जन्मलेले इंजिनियर, आणि त्यांच्या हाताखाली या कामावर त्यांची मुलगी कॅरोलिन होती. 1870 साली! बाई बांधकामावर इंजिनियरचं काम करतेय म्हटल्यावर लोक इनक्लाइन बघायला यायचे की तिला कोण जाणे. पुढे तिने सॅम्युअल डिशर या हंगेरीत जन्मलेल्या इंजिनियरशी लग्न केलं, आणि त्यांनी 1877 मध्ये थोडं पश्चिमेला डुकेन इनक्लाइन बांधली. आज शहरात उरलेल्या दोन इनक्लाइन म्हणजे एक वडिलांची आणि एक नवऱ्याची. तिचं स्वतःचं नाव मात्र कशावरच नाही. आपल्याकडे काय आणि तिकडे काय.

खटपट्या

@मोरपंखी +1. हे माहीत नव्हतं.

सासरे-जावई दोघांनी मिळून एकाच डोंगराला दोर लावले म्हणायचे.

तिरकस

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विरजण घालायला येतो. धागाकर्ते म्हणतात 'लोकांना कामावर जायचं होतं म्हणून टिकली'. मग बाकीच्या पंधरा का नाही टिकल्या? त्यांच्यात काय लोक पिकनिकला जायचे? कॅसल शॅननची इनक्लाइन तर गाड्या पण वाहायची, 1964 ला बंद. 1953 ला पेन इनक्लाइन गेली. लोकांना कामावर तेव्हाही जायचं होतं, फक्त ते मोटारीने जायला लागले. 1904 मध्ये डोंगराखालून ट्रॅमचा बोगदा झाला, 1924 मध्ये लिबर्टी बोगदे झाले, मोटार थेट डोंगराच्या पलीकडे. त्या दिवसापासून इनक्लाइनचं मरण लिहिलेलं होतं. उरलेल्या दोन उरल्या कारण वरून डाऊनटाऊनचा देखावा दिसतो. ज्यांच्या वरच्या टोकाला देखावा नव्हता त्या गेल्या. आकडे काढून बघा.

आणि एक बस ठेवली तर यापेक्षा स्वस्त पडेल हे पण सांगून टाकतो.

उतारावरचा

@तिरकस, देखाव्याचा मुद्दा मी पूर्ण नाकारत नाही, पण डुकेनचा इतिहास बघा ना. 1962 मध्ये ती बंद पडली, कंपनीकडे दुरुस्तीला पैसे नव्हते. वर राहणाऱ्या लोकांनी स्वतः पैसे गोळा केले, आठवणीची तिकिटं विकली, घरचे केक विकले, पत्त्यांच्या पार्ट्या ठेवल्या, सहा महिन्यांत 15,000 डॉलर जमवले आणि 1 जुलै 1963 ला परत चालू केली. आजही ती रहिवाशांची ना-नफा संस्थाच चालवते. आता मला सांगा, स्वतःच्या घरातून दिसणारा देखावा बघायला कोणी केक विकून पैसे जमवेल का? देखावा तर त्यांना खिडकीतनं फुकट होता. त्यांना खाली जायचं होतं.

बसबद्दल. बस आहे इथे आणि मी वापरतोही. पण बस कड्यावरून उडी मारत नाही, तिला सगळा डोंगर फिरून यावं लागतं आणि बर्फ पडला की या रस्त्यांवर काय होतं ते येऊन बघा एकदा, मोटारी आडव्या होऊन घसरत येतात खाली. इनक्लाइनला बर्फाचं तेवढं सुतक नाही, तिला चाकाच्या पकडीवर चढायचंच नसतं, दोर ओढतो.

तिरकस

केकचा मुद्दा मान्य. अर्धा.

तरी 1963 चे केक विकणारे आता नाहीत, आणि आज डुकेनच्या तिकिटाच्या रांगेत उभे असलेले बहुतेक कॅमेरावाले असतात हे तुम्ही पण बघितलंय.

उतारावरचा

संध्याकाळी हो. सकाळी सातला या.

वेसूव्हची_वाट

इटलीतून लिहितेय, नेपल्समध्ये तीन वर्षं होते कामानिमित्त म्हणून राहवलं नाही. तुमचा वाद तिकडे कोणाला कळणारच नाही कारण तिकडे फ्युनिक्युलर म्हणजे निव्वळ लोकल ट्रेन. चार आहेत, किआया 1889, मोंतेसांतो 1891, चेंत्राले 1928 आणि मेर्जेलिना 1931. वोमेरो नावाचा मोठा भाग डोंगरावर आहे, तिथले लोक खाली शाळा कॉलेज ऑफिस बाजार सगळीकडे याच गाड्यांनी. आणि देखावा शून्य, कारण बराचसा मार्ग बोगद्यातून! तेव्हा @तिरकस यांची देखावा थिअरी नेपल्सला नापास.

चेंत्रालेला मधे दोन स्टेशनं आहेत, कोर्सो विट्टोरिओ इमानुएले आणि पेत्राइओ. मला सुरुवातीला गंमत वाटायची की प्रत्येक वेळी आम्ही थांबतो तेव्हा समोरची गाडी पण कुठेतरी थांबलेली असते. मग एका सहकाऱ्याने समजावलं की अगं एकाच दोराला आहेत, एक थांबली की दुसरी थांबणारच, म्हणून स्टेशनं अशी मोजून बांधली आहेत की एक पेत्राइओला आली की दुसरी बरोबर कोर्सोला.

आणि बंद पडल्यावर काय होतं तेही सांगते. इटलीत कायद्याने दर 20 वर्षांनी पूर्ण गाडी खोलून मोठी दुरुस्ती करावीच लागते. किआया त्यासाठी 2022 मध्ये बंद झाली ती दोन वर्षं उलटली तरी उघडली नव्हती. माझ्या बिल्डिंगमधल्या आजी रोज चौकशी करायच्या, जशी दवाखान्यात कोणाची करावी तशी.

गिअरबॉक्स

@वेसूव्हची_वाट, वा. मधे दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडतात ते पण बघितलं असेल. पिट्सबर्गला दोन डब्यांना दोन स्वतंत्र रूळ आहेत त्यामुळे तो प्रश्नच नाही. पण जिथे एकच रूळ आहे आणि फक्त मधे फाटा, तिथे सांधा हलवायला माणूस लागत नाही. डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडून कडा असतात, ती रूळ पकडून ठेवतात, आणि दुसऱ्या बाजूची चाकं रुंद सपाट रोलरसारखी, ती दोराच्या फटीवरून आणि सांध्यावरून सरळ निघून जातात. एका डब्याच्या कडा उजवीकडे, दुसऱ्याच्या डावीकडे, म्हणून एक कायम उजवीकडे वळतो आणि एक कायम डावीकडे. काहीही हलत नाही. कार्ल रोमान आब्ट नावाच्या स्विस माणसाचं डोकं. मला तर हे बघूनच इंजिनियरिंगला जावंसं वाटलं होतं (नंतर पस्तावलो तो भाग वेगळा).

पावशेर

एक भोचक प्रश्न, राग मानू नका. दोर तुटला तर? 2025 च्या सप्टेंबरमध्ये लिस्बनला झालं ते वाचल्यापासून सप्तशृंगीच्या गडावरच्या ट्रॉलीत बसताना पण मी देवीचं नाव जरा जास्तच मोठ्याने घेतलं.

गिअरबॉक्स

राग कसला, हाच प्रश्न विचारायला हवा.

लिस्बनची ग्लोरिया 1885 ची, तिथेही रोजचे प्रवासी आणि टूरिस्ट दोन्ही. 3 सप्टेंबर 2025 ला दोन डब्यांना जोडणारा दोर वरच्या डब्याच्या जोडणीपाशी सुटला, डबा उतारावरून सुसाट गेला, वळणावर रूळ सोडून इमारतीवर आदळला, 16 माणसं गेली. प्राथमिक चौकशीत जे आलं ते वाचून मी सुन्न झालो. त्या दिवशी सकाळीच तपासणी झाली होती आणि त्यात काही सापडलं नव्हतं, कारण जिथे दोर सुटला ती जागा डबा खोलल्याशिवाय दिसतच नाही. बसवलेला दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित नव्हता. आणि ब्रेकमनने दोन्ही ब्रेक लावले होते, तरी थांबला नाही, कारण समोरच्या डब्याचं वजन गेल्यावर नुसत्या ब्रेकांची ताकद पुरत नव्हती. म्हणजे ब्रेक होते, पण दोर शाबूत आहे हे धरून होते.

पिट्सबर्गला दोन्ही इनक्लाइनमध्ये प्रत्येक डब्याला ओढायच्या दोराखेरीज दुसरा सुरक्षा दोर असतो. एक गेला तर दुसरा धरतो. जुनं म्हणजे धोकादायक आणि नवं म्हणजे सुरक्षित असं काही नसतं, एकच गोष्ट बिघडली की सगळं जातं अशी रचना धोकादायक, मग ती कालची का असेना.

जुनी_पेटी

दोराचा विषय निघालाय म्हणून, डुकेनच्या वरच्या स्टेशनात मशीनरूम बघता येते. तिथल्या मोठ्या चाकाचे दाते लाकडी आहेत. हो लाकडी, आजही. मला वाटलं शोभेचे असतील पण खरंच त्याच्यावरच चालते गाडी. डबेही जुनेच, आतून चेरी आणि मेपलचं कोरीव काम.

गिअरबॉक्स

लाकडी दाते म्हणजे मागासलेपणा नाही बरं. लोखंडाच्या दात्यावर लाकडी दाता आला की आवाज कमी, धक्का लाकूड सोसतं, आणि काही अडकलं तर मोडतो एक लाकडी दाता, अख्खं चाक नाही. तो काढा, नवा ठोका, संध्याकाळपर्यंत गाडी चालू. स्वस्त वस्तू आधी तुटायला ठेवायची, ही अक्कल आताच्या मिक्सर बनवणाऱ्यांनी घ्यावी.

खटपट्या

मिक्सरवर नको जाऊ, तो धागा 400 प्रतिसादांवर कुलूप लागला होता.

जुनी_पेटी

अवांतर होईल पण पिट्सबर्गहून साधारण शंभर किलोमीटरवर जॉन्सटाऊन आहे, तिथली इनक्लाइन पण डिशर यांनीच केलेली, 1891 ची. 1889 मध्ये धरण फुटून तिथे महापूर आला, 2,209 माणसं गेली. त्यानंतर लोकांना वरच्या डोंगरावर वस्ती करायची होती म्हणून ही बांधली, इतकी मोठी की मोटार आत जाते. 1936 ला परत पूर आला तेव्हा सुमारे 4,000 माणसं याच गाडीने वर नेली. @तिरकस, या गाडीचा हिशोब कसा मांडणार तुम्ही, दर प्रवाशामागे?

तिरकस

तो नाही मांडणार. हे मला माहीत नव्हतं.

पण माझा मूळ प्रश्न शिल्लक आहेच. चालवायचा खर्च कोण देतो आणि कशासाठी देतो हे स्पष्ट असावं. वारसा म्हणून देत असाल तर तसं सांगा, वाहतूक म्हणून देत असाल तर तसं. दोन्हीच्या मधे ठेवलं की दुरुस्ती कोणाच्याच बजेटमध्ये येत नाही. लिस्बनचं वाचून हेच वाटलं, गाडी राष्ट्रीय स्मारक होती आणि तिच्यात रोज माणसं कोंबलेली होती.

उतारावरचा

@तिरकस, आता तुम्ही आणि मी एकाच बाजूला आलो की काय. मोनॉन्गाहेला 1964 पासून सरकारी वाहतूक संस्थेकडे आहे, बस आणि ट्रॅमच्याच यादीत, म्हणजे माझ्या बाजूने ती 'वाहतूक' आहे. 65 च्या वरच्यांना ज्येष्ठांचं कार्ड दाखवून फुकट, आणि ते पैसे पेन्सिल्व्हेनियाच्या लॉटरीतून येतात, म्हणजे कोणीतरी जॅकपॉटच्या आशेने तिकीट काढतो आणि माझ्या शेजारच्या आजोबा खाली भाजी आणायला जातात. मला हा हिशोब चालतो.

पावशेर

'शेजारच्या आजोबा'?

उतारावरचा

शेजारचे. डब्यात बसून टाइप करतोय, खाली पोचलो तेवढ्यात.

आंबेमोहोर

धागा आवडला, वाचनखूण साठवली. पुढच्या महिन्यात आई येतेय, तिला घेऊन पिट्सबर्गला यायचा विचार आहे. तिला गुडघ्यांचा त्रास, पायऱ्या चढवत नाहीत. त्या शहरात म्हणे सातशेच्या वर सार्वजनिक जिने आहेत, त्यामुळे जरा धास्ती आहे. इनक्लाइन जमेल का? आणि कुठली घेऊ, सासऱ्यांची की जावयाची?

उतारावरचा

सासऱ्यांची घ्या, म्हणजे मोनॉन्गाहेला. तिथे व्हीलचेअर जाते, त्यामुळे आईंना अडचण यायची नाही. डुकेन जुन्या रूपातच ठेवलीय, तिथे त्रास होईल, ती तुम्ही एकट्या नंतर बघा, लाकडी दात्यांसाठी. वर आलात की ग्रँडव्ह्यू अ‍ॅव्हेन्यूवर बसायला बाक आहेत, अंधार पडायच्या थोडं आधी या म्हणजे उजेडात नद्या पण दिसतील आणि नंतर दिवे पण. फक्त सहाच्या सुमाराला खालून चढू नका, तेव्हा ऑफिस सुटलेलं असतं आणि डब्यात उभं राहावं लागतं. आलातच त्या वेळेला तर मधल्या कप्प्यात बघा, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेला दिसेन, आईंना जागा देतो.